एका रविवारी एकच जागा

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं नाशिकचे. आमची ओळखच एका ट्रेकला झाली, हरिहरच्या पायऱ्यांवर. लग्नानंतरही महिन्यातले एक-दोन रविवार डोंगरात जायचे. जूनमध्ये नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही भोपाळला आलो. कोलार रोडला राहतो. माझं हिशेबाचं काम नाशिकच्याच ऑफिसचं आहे, ते घरून चालतं.

पाऊस ओसरल्यावर नवऱ्याने यादी केली. एका रविवारी सांची, विदिशा आणि उदयगिरी. पुढच्या रविवारी भोजपूर, भीमबेटका आणि येताना केरवा धरण. दोन्ही दिवस नुसती धावपळ. भीमबेटक्याला मी एका चित्रापाशी थांबले, तर हा गाडीपाशी उभा राहून घड्याळ बघत होता. परतताना कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "भोपाळजवळचं सगळं बघून झालं, आता रविवारी मला झोपू दे." मला मात्र काहीच बघितल्यासारखं वाटत नाही. सोसायटीतल्या बायका म्हणतात, तिथे काय आहे, दगड तर आहेत. एकटीने कुठे जायची भीती वाटते. केरव्याकडे वाघ फिरतात म्हणतात आणि मला हिंदीही धड येत नाही. सह्याद्रीची फार आठवण येते. दिवाळीला नाशिकला जायचं की इथे राहायचं, यावरूनही सध्या धुसफूस चालू आहे. आम्हाला जोडणारी गोष्ट डोंगर हीच होती. तीच गेली तर आमचं काय होणार?

— म., भोपाळ

उत्तर

प्रिय म.,

तुमच्या पत्रात सोमवार ते शनिवारबद्दल एकच वाक्य आहे आणि बाकी सगळं पत्र रविवारबद्दल आहे. मला वाटतं, दुखणं तिथेच आहे.

आठवडाभर तुम्ही घरात असता. काम नाशिकचं, फोन नाशिकचे, बोलणं मराठीत, आणि खिडकीबाहेर भोपाळ. रविवार उजाडला की त्या एका दिवसात तुम्हाला मोकळी हवाही हवी, गप्पाही हव्यात, नवं गाव आपलंसं व्हायला हवं आणि हरिहरच्या पायऱ्यांवरचा तो नवराही परत हवा. इतकं सगळं एका दिवसाच्या अंगावर टाकलं तर तो दिवस मोडतोच. तिकडे तुमचा नवरा आठवडाभर नव्या शाखेत, नव्या माणसांत, दिवसभर परक्या भाषेत काढतो. त्याला रविवारी घरात पडून राहावंसं वाटतं, हेही मी समजू शकते. त्याने यादी केली ती तुमच्याचसाठी केली असणार. सगळं एकदाचं दाखवून टाकू, म्हणजे ही खुश होईल, असा त्याचा हिशेब असावा. हिशेब चुकला, पण हेतू वाईट नव्हता.

म्हणून सुरुवात रविवारपासून करू नका. बुधवारपासून करा.

तुमचं काम घरून चालतं, म्हणजे सकाळचे दोन तास तुमच्या हातात आहेत. कोलार रोडवरून मोठा तलाव फार लांब नाही. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला हा तलाव आजही भोपाळची तहान भागवतो. २००२ पासून तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याच्या काठाला लागूनच वनविहार आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जीप, गाइड, परवानगी असं डोळ्यांसमोर येतं, पण इथे तिकीट काढून पायी किंवा सायकलने जाता येतं. एका दारातून आत शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडलं की पाचेक किलोमीटरचा रस्ता होतो. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला जाळीपलीकडचं रान. चितळ आणि सांबर मोकळे फिरतात. वाघ आणि अस्वलं मोठ्या कुंपणांत आहेत, त्यांतली बरीचशी सर्कशीतून, मदाऱ्यांकडून किंवा जखमी अवस्थेत सोडवून आणलेली. एकट्या बाईने सकाळी चालायला इतकी निर्धास्त आणि सुंदर जागा फार थोड्या शहरांत सापडेल. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, तेवढं निघण्याआधी पाहून घ्या.

तिथून जवळच श्यामला टेकडीवर मानव संग्रहालय आहे. नाव ऐकून काचेच्या कपाटांची इमारत समजू नका. सुमारे दोनशे एकरांच्या उघड्या माळावर देशभरातल्या आदिवासींची, कोळ्यांची, डोंगरातल्या आणि वाळवंटातल्या लोकांची घरं खरोखरीच्या आकारात उभी आहेत, आणि ती बांधायला त्या त्या भागातली माणसं आली होती. एका सकाळी दोन घरांपलीकडे जाऊ नका. भिंतीचं लिंपण, कोनाडे, धान्याची कणगी, उंबऱ्याची उंची हे बघत बसा. टेकडीवरून खाली तलाव दिसतो.

हे तुमचं एकटीचं भोपाळ असू दे. त्यातलं संध्याकाळी नवऱ्याला सांगा किंवा नका सांगू. पण आठवड्यातून दोनदा तुम्ही घराबाहेर पडलात, तर रविवारी तुमच्या बोलण्यातली ती आतुरता, जिला तो घाबरून यादीत लपतो, आपोआप कमी होईल.

आता रविवार. माझं ठाम मत आहे की एका रविवारी एकच जागा करावी आणि दुपारच्या जेवणाला घरी यावं. भोपाळच्या आसपास हे सहज जमतं, कारण सांची आणि भीमबेटका दोन्ही पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहेत आणि भोजपूर त्याहून जवळ. सहाला निघालात तर एकला घरात. मग तो खुशाल झोपू दे. "बघून झालं" या वाक्यावर वाद घालू नका, ते थकून बोललेलं वाक्य आहे. "पुढच्या रविवारी सकाळ मला दे, दुपार तुझी" एवढंच म्हणा. आणि एक रविवार बाहेर, एक रविवार घरी, असं ठरवलंत तर घरच्या रविवारी मनापासून घरी राहा.

पहिली जागा भीमबेटका. हो, पुन्हा. तुम्ही ज्या चित्रापाशी थांबला होतात, तिथेच जा.

या डोंगरात चित्रं असलेल्या आणि नसलेल्या मिळून सातशेहून जास्त गुहा आणि आडोसे आहेत. त्यांतले पंधराएक आपल्याला पाहता येतात. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना हे खडक दिसले आणि ते नंतर माणसं घेऊन इथे चढून आले. वाकणकर उज्जैनचे, मराठी घरातले. पुढे २००३ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली. बायका म्हणतात तसे दगड तर आहेतच, पण त्या दगडांवर हजारो वर्षं माणसं पुन्हा पुन्हा येऊन चित्रं काढत राहिली. 'झू रॉक' म्हणतात त्या खडकासमोर निवांत उभ्या राहा. पहिल्या नजरेला लाल-पांढऱ्या रेघांचा गुंता दिसतो. डोळा स्थिरावला की आधी हत्ती सुटा होतो, मग रानगवा, मग शिंगांचं हरिण, आणि मग लक्षात येतं की एका हरणाच्या पोटावरून दुसऱ्याच काळातल्या कुणीतरी दुसरं जनावर काढलंय. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरच काढायचं. पुढे छत्रीसारख्या एका खडकाच्या पोटाशी शिंगं असलेला प्रचंड डुक्कर एका इवल्याशा माणसाच्या मागे लागलेला आहे. तो माणूस जिवाच्या आकांताने पळतोय. हे बघायला वेळ लागतो, आणि मागे भोजपूर, पुढे केरवा असं असताना तो मिळणं शक्यच नव्हतं. नवऱ्याला म्हणावं, या खेपेला तू एक प्राणी शोध, मी एक शोधते.

सह्याद्रीची आठवण येते असं तुम्ही लिहिलंत. यायलाच हवी, ती घालवायच्या मागे लागू नका. पण तुम्ही दोघं इथल्या जमिनीत सह्याद्री शोधताय, असा मला संशय आहे, आणि तो सापडत नाही म्हणून ती तुम्हाला रिकामी वाटते. तुमचा नाशिकचा डोंगर थिजलेल्या लाव्ह्याचा, काळ्या पाषाणाचा. म्हणून त्याला कडे आहेत, कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. माळव्याचं पठारही त्याच लाव्ह्याचं, तिथली माती बघा, आपल्यासारखीच काळी आहे. पण भोपाळच्या आसपास तो लाव्हा विरळ होतो आणि खालून विंध्याचा वाळूखडक वर येतो. हा खडक सह्याद्रीपेक्षा कितीतरी पटींनी जुना आहे. त्याला सुळके नसतात. तो थराथरांनी झिजतो, त्यात पोकळ्या आणि छपरं तयार होतात. म्हणून इथल्या माणसाने डोंगरावर चढून गड बांधण्याच्या कितीतरी आधी डोंगराच्या आडोशाला बसून चित्रं काढली. इथे मान वर करून शिखर शोधण्यापेक्षा खडकाच्या जवळ जाऊन बघायची सवय लावावी लागते. झाडं मात्र तुमच्या ओळखीचीच आहेत. साग, मोह, टेंभुर्णी, चारोळी, पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये होशंगाबाद रोडने नर्मदेकडे निघालात तर दुतर्फा पळस फुललेला असतो.

तरी पाय शिवशिवतात हे मला माहीत आहे, आणि तुमच्या नवऱ्याचेही शिवशिवत असणार. त्याच्या यादीत मला एकही चढ दिसला नाही. रायसेनचा किल्ला त्याला का सुचला नाही कोण जाणे! सांचीपासून जवळच हा वाळूखडकाच्या टेकडीवरचा किल्ला आहे. १५४३ मध्ये शेरशाहाने वेढा घालून तिथला राजा पूरणमल याच्याकडून तो घेतला. पावसाचं पाणी साठवायची वरची टाकी आणि हौद बघताना गडांवर हिंडलेल्या माणसाचा जीव रमतो. हरिहरइतकी छाती फुलणार नाही, पण थंडीतल्या सकाळी चढून वर बसायला फार चांगला आहे. आणखी रानातलं हवं असेल तर रातापानीच्या जंगलात गिन्नौरगड आहे, गोंडांचा, राणी कमलापतीच्या नावाशी जोडलेला. पण रातापानी २०२४ च्या डिसेंबरपासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ही जबाबदारी नवऱ्याकडे सोपवा. परवानगी काढणं, वाट विचारणं, गडी शोधणं यात ट्रेकवाल्या माणसाला निम्मा आनंद मिळतो.

सांचीला दुसऱ्यांदा जाल तेव्हा विदिशा, उदयगिरी काही जोडू नका. मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणापाशी जा. त्याच्या वरच्या तुळईवर एक ब्राह्मी लेख आहे. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम, वासिष्ठीचा मुलगा आनंद, याने हे दान दिलं असं त्यात कोरलंय. म्हणजे सातवाहन. तुमच्या पांडवलेण्यांत ज्यांचे लेख आहेत, तेच घराणं. लहानपणापासून सहलीला ज्या लेण्यांत गेलात, तिथली ओळखीची नावं भोपाळजवळच्या या दगडात भेटतात, तेव्हा अंतर एकदम कमी वाटतं. त्याच तोरणाच्या खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचंही नाव आहे, हे कोरीव काम त्यांनी केलं म्हणून. खांबांचं नक्षीकाम इतकं बारीक का, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग टेकडीच्या पश्चिम उतारावरून दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपाकडे उतरा. बहुतेक लोक वरूनच परत फिरतात, त्यामुळे खाली शांत असतं. भोपाळहून सांचीला जाताना रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण लागते. तिथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

भोजपूरही पुन्हा करा, पण यावेळी देवळातून लवकर बाहेर या. आतलं साडेसात फुटांचं अखंड शिवलिंग सगळेच बघतात. बाहेर आजूबाजूच्या खडकांवर देवळाचे आराखडे कोरलेले आहेत. खांब, शिखर, कळसाचे थर, जमिनीचा नकाशा, सगळं रेघांनी. देऊळ अर्धवटच राहिलं, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामाचा कागदच जणू तिथे उघडा पडून आहे. मागच्या बाजूला दगड वर चढवायला केलेला मातीचा उतारही अजून दिसतो. महाशिवरात्रीला तिथे जत्रा असते, तेव्हा निवांतपणा मिळणार नाही.

तुमच्या भीतीबद्दल. वाघांची गोष्ट खरी आहे. केरवा आणि कलियासोत या धरणांच्या बाजूला वाघांचा वावर आहे. म्हणून तिकडे अंधार पडायच्या आत परतायचं, पक्का रस्ता सोडायचा नाही, दुचाकी उभी करून झाडीत शिरायचं नाही. एवढं पाळलंत तर पुरे. मला वाघापेक्षा पावसाळ्यातल्या धबधब्यांची काळजी जास्त वाटते. शेवाळ धरलेला सपाट वाळूखडक साबणासारखा निसरडा होतो आणि वर पाऊस पडला की खाली पाणी बघता बघता चढतं. सह्याद्रीत मुरलेली माणसं इथेच गाफील राहतात. उन्हाळ्यात तर एप्रिल ते जून सकाळी नऊनंतर बाहेर राहूच नका, लू लागते.

हिंदी येईल. वनविहारात रोज चालायला येणाऱ्या बायकांशी चार दिवस नुसतं हसलात तरी पाचव्या दिवशी बोलणं सुरू होतं. हिवाळ्यात पक्षी बघणारी मंडळी तलावाच्या बिशनखेडीच्या काठावर येतात. त्यांच्यात मिसळा. दुर्बीण आपण होऊन पुढे करणारी माणसं असतात ती. बाहेरगावाहून आलेली बदकं दिसतील, नशीब असेल तर सारसाची जोडीही. मराठी मंडळीही भोपाळात भरपूर आहेत, सणावारी जरूर जा, पण फक्त त्यांच्यातच राहू नका, नाहीतर राहाल भोपाळात आणि पुन्हा नाशिकमध्येच बसल्यासारखं होईल. शेजारणींना "दगड" बघायला एकदा बरोबर घेऊन जा. घराजवळच्या जागा कुणीतरी बाहेरचं येऊन दाखवेपर्यंत कुठल्याच गावच्या माणसाला दिसत नाहीत. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी राहून कधी वर न गेलेली माणसं तुम्हालाही माहीत असतील.

आणि पुढच्या पावसाळ्यात पेपरातला तलावाच्या पातळीचा आकडा बघत चला. समुद्रसपाटीपासून १६६६.८० फूट झाले की तलाव पूर्ण भरला आणि मग भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. त्या दिवशी अख्खं भोपाळ छत्र्या घेऊन पाणी बघायला लोटतं. नवरा बँकेतून तुमच्याआधी हा आकडा सांगेल बघा, तिथेही दिवसभर त्याचीच चर्चा असते.

लांबचं म्हणाल तर पचमढी. रेल्वेने पिपरियापर्यंत, पुढे घाटरस्ता. धूपगड १३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. तुमचं कळसूबाई १६४६, पण हे आकडे तिथे गेल्यावर काढू नका. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून इतके लोक येतात की पचमढीच्या बाजारात मराठीच ऐकू येते. गर्दीचं वावडं नसेल तर तेव्हा जा. नाहीतर हिवाळ्यात दोन पूर्ण दिवस काढून जा आणि जोडून मढईला जाऊन देनवा नदी नावेने ओलांडून सातपुड्याच्या जंगलात शिरा. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद असतो. पण हे या वर्षी नकोच. आधी जवळच्या चार जागा दोघांच्या झाल्या पाहिजेत.

तुम्हाला जोडणारी गोष्ट डोंगर होती, असं तुम्ही म्हणता. हरिहरच्या त्या पायऱ्यांवर तुम्ही एकमेकांसाठी थांबला असणार, हात दिला असणार, पाण्याची बाटली पुढे केली असणार. भीमबेटक्याला एकजण चित्रापाशी आणि दुसरा गाडीपाशी राहिला, तिथे बिघडलं. त्याला हे भांडताना सांगू नका. एखाद्या घरच्या रविवारी, तो झोपून उठल्यावर, चहा घेताना सांगा.

राहिली दिवाळी. दिवाळीला नाशिकला जा. पहिलं वर्ष आहे, दोन्हीकडची माणसं वाट बघत असतील, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पंजाब मेल दोन्ही स्टेशनांवर थांबते, तिकिटं मात्र आत्ताच काढा. पण प्रत्येक जोडून आलेली सुट्टी नाशिकला घालवू नका. जानेवारीत हवा उत्तम असते. तेव्हा आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना इकडे बोलवा. भोजपूर त्यांच्या गुडघ्यांना झेपेल, भीमबेटक्याची आखलेली वाटही सोपी आहे. दिवाळीला गेलात की तिथेच आमंत्रण देऊन या, आणि परतीच्या गाडीत दोघं मिळून ठरवा की त्यांना पहिल्या दिवशी कुठे न्यायचं.